शहर तोलायचं ते कुठल्या महिन्यात?

कुठल्याही शहराबद्दल मत बनवायचं असेल तर तिथं त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात जावं. आणि गेल्यावर, तिथून हलू न शकणाऱ्या माणसाला विचारावं की बाबा, कसं चाललंय. थायलंडमधल्या चियांग माई या शहराबद्दल जे बोललं-लिहिलं जातं, त्यातून या दोन्ही गोष्टी सुटतात. आपल्या सोलापूरबद्दल बोलतानाही त्या सुटतात, आणि मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

चियांग माईची मोहिनी खोटी नाही, हे आधी सांगतो. राजा मंगराय यानं १२९६ साली लान्ना राज्याची राजधानी म्हणून वसवलेलं हे गाव. जुन्या शहराभोवती अजूनही चौकोनी खंदक आहे, विटांच्या तटाचे तुकडे उभे आहेत आणि आत दर दोन गल्ल्यांमागे एक बौद्ध मंदिर. वाट चेदी लुआंगचा भूकंपात वरून ढासळलेला विटांचा भव्य स्तूप संध्याकाळच्या उन्हात बघत बसावा, उठवत नाही. पश्चिमेला दोई सुथेपचा हिरवा डोंगर आणि त्यावर सोन्यासारखं चमकणारं मंदिर. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला यी पेंगचा सण, तेव्हा कागदी आकाशदिवे सोडतात. रविवारी था पे दरवाजापासून आत रस्ताभर बाजार भरतो. त्यात हातमागाचं कापड इतकं असतं की सोलापूरच्या माणसाचा हात आपोआप पोत बघायला पुढे जातो. खाओ सोई नावाचा नारळाच्या दुधातला, शेवया घातलेला तिखट रस्सा मिळतो, आणि तोही आपल्या जिभेला परका वाटत नाही. माणसं हळू बोलतात. बँकॉकच्या मानानं खर्च कमी, इंटरनेट चांगलं. म्हणून लॅपटॉपवर काम करणारी जगभरातली तरुण मंडळी तिथं महिनोन्‌महिने राहतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडनं भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून पुण्या-हैदराबादेत नोकरी करणारी आपली पोरंही तिकडं वळायला लागली आहेत.

माझ्या भाच्यानं मागे फोनवर विचारलं, ‘‘मामा, फेब्रुवारीनंतर तिकडं खोल्यांची भाडी उतरतात म्हणे. घरून काम चालतंय की, तीन महिने तिथूनच करू का?’’

भाडी उतरतात त्याला कारण आहे. साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ते शहर धुरात असतं. मार्च २०२३ आणि एप्रिल २०२३ मध्ये जगातल्या सर्वांत प्रदूषित मोठ्या शहरांच्या रोजच्या यादीत चियांग माई पुन्हा पुन्हा पहिल्या नंबरावर आलं होतं. त्या दिवसांत लाहोर आणि दिल्लीसुद्धा त्याच्या मागे होती.

हा धूर शहरात तयार होत नाही. चियांग माई पिंग नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत वसलंय. कोरड्या महिन्यांत रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वर उबदार हवेचा थर बसतो आणि खालचा धूर वर जाऊ शकत नाही. वाराही पडलेला असतो. नेमक्या याच दिवसांत आजूबाजूच्या डोंगरांवर मक्याच्या शेतांतले धांडे जाळले जातात, पानगळीच्या जंगलांत वणवे लागतात किंवा लावले जातात. वाळका पाला जाळला की पहिल्या पावसानंतर एक प्रकारची महागडी अळिंबी चांगली उगवते, अशी तिथल्या लोकांची समजूत आहे, आणि तिच्यावर गरीब घरांचं उन्हाळ्यातलं उत्पन्न चालतं. शिवाय सीमेपलीकडून, म्यानमारच्या शान प्रांतातून आणि लाओसमधून धूर वाहत येतो तो वेगळा. तिथला मका बराचसा थायलंडच्या कोंबडी-खाद्याच्या कारखान्यांसाठी पिकतो. चढावरच्या शेतात ट्रॅक्टर जात नाही, मजुरी परवडत नाही, पुढच्या पेरणीला रान मोकळं हवं असतं. काडेपेटी सगळ्यांत स्वस्त पडते.

मी तिथं होतो तेव्हा मार्च चालू होता. पोस्टकार्डांवर शहरामागे डोंगर असतो, तो जागेवर नव्हता. पश्चिमेकडे बघितलं की पांढुरका पडदा, आणि सूर्य दुपारी चारलाच तांब्याच्या ताटलीसारखा लाल. निम्मानहेमिन भागातल्या एका कॉफीच्या दुकानाच्या काचेवर पाटी होती, की आत हवा शुद्ध करायचं यंत्र चालू आहे. आत गेल्यावर कोपऱ्यात ते यंत्र होतं आणि त्यावर हिरवा आकडा. लॅपटॉप उघडून बसलेली मंडळी निवांत होती. दुकानाच्या बाहेर, पायरीपासून चार हातांवर, एक पन्नाशीची बाई हातगाडीवर कोळशाच्या शेगडीवर मांसाचे तुकडे भाजत होती. तोंडाला कापडी मास्क होता, तो दर गिऱ्हाइकाशी बोलताना हनुवटीवर यायचा. मध्येच ती खोकायची आणि मान वळवून बाहीत तोंड लपवायची. तिच्याकडं आकडा नव्हता. मला तिची भाषा येत नव्हती म्हणून मी तिच्याशी बोललो नाही, पण त्या काचेची आतली बाजू आणि बाहेरची बाजू हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

शहराची मोहिनी एका पारड्यात आणि प्रदूषण दुसऱ्या पारड्यात टाकून ‘जावं की न जावं’ असं ठरवायची पद्धत मला म्हणूनच मान्य नाही. तो तराजू फक्त येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात असतो. त्याचं उत्तरही सोपं आहे: नोव्हेंबर ते जानेवारी जा, फेब्रुवारी ते एप्रिल टाळा. भाच्यालाही मी हेच सांगितलं, त्याच्या फुफ्फुसांची काळजी मला आहेच. पण हे उत्तर दिलं की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो आणि धूर म्हणजे पावसाळ्यासारखी ऋतूची गोष्ट होऊन बसते. दरवर्षी येतो, दरवर्षी जातो, त्याप्रमाणे तिकिटं काढायची. गाडीवरच्या बाईला तिकीट काढता येत नाही. डोंगरावर मका लावणाऱ्याला येत नाही. तिथल्या शाळेतल्या मुलांना येत नाही. त्यांच्या पारड्यात मोहिनी कधी पडतच नाही, कारण मंदिरं आणि आकाशदिवे हे त्यांचं घर आहे. घर कोणी आवडीनिवडीनं तोलत नसतं.

त्याहून गंभीर गोष्ट पुढं घडते. शहर पाहुण्यांवर जगायला लागलं की धुराबद्दल खरं बोलणंच धंद्याच्या आड येतं. मार्च २०२४ मध्ये चियांग माईला प्रदूषणाचं आपत्तीग्रस्त क्षेत्र जाहीर करावं अशी मागणी झाली, तेव्हा तत्कालीन पंतप्रधान श्रेथा थाविसिन यांनी नकार दिला, आणि पर्यटनावर परिणाम होईल हे कारण दिलं. मला त्यांचा हेतू वाईट वाटत नाही. हॉटेलात खोल्या झाडणारी बाई, लाल सोंगथेव, म्हणजे तिथली वडापची गाडी, चालवणारा माणूस, यांचा एप्रिलमधल्या सोंगक्रान सणाचा धंदा बुडाला तर त्यांच्या चुली बंद पडतात, आणि हे नुकसान कल्पनेतलं नाही. तरीही मी म्हणेन की जाहीर करायला हवं होतं. कारण धुराबद्दल न सांगितल्यानं पाहुणे फार तर दोन आठवडे राहतात, आणि सांगितलं नाही म्हणून तिथल्या माणसाला मिळणारी मदत, शाळांच्या सुट्ट्या, मास्क, दवाखान्यांत जादा तयारी, हे सगळं अडतं. त्याच वर्षीच्या जानेवारीत चियांग माईच्या प्रशासकीय न्यायालयानं नागरिकांच्या दाव्यावर निकाल दिला होता, की पंतप्रधान आणि राष्ट्रीय पर्यावरण मंडळानं ९० दिवसांत तातडीचा आराखडा करावा. म्हणजे लोकांना आपल्याच सरकारला कोर्टात खेचून ‘आम्हाला श्वास घ्यायचाय’ असं सांगावं लागलं. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, तिथल्या विद्यापीठातला एक तरुण डॉक्टर फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेला. तो सिगारेट ओढत नव्हता. २८ व्या वर्षी निदान झालं तेव्हाच रोग शेवटच्या टप्प्यात होता. एका रुग्णावरून कारण सिद्ध होत नाही, ते कोणी म्हणूही नये. पण बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगाला कारण ठरतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१३ मध्येच जाहीर केलंय, आणि त्या डॉक्टरच्या आजारपणानं थायलंडमधली हजारो माणसं पहिल्यांदा या विषयावर मोठ्यानं बोलायला लागली.

आता सोलापूर.

आपण सोलापूरकर आपल्या गावाच्या हवेबद्दल कधी बोलत नाही. ऊन, पाणी, रस्ते, बेकारी यांवर बोलतो. हवा म्हटलं की ‘‘आपली हवा कोरडी आहे, चांगली आहे’’ असं वर्षानुवर्षं ऐकत आलो. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेतल्या धूलिकणांचं प्रमाण सलग काही वर्षं मर्यादेबाहेर राहिलेली शहरं त्यात घेतली. त्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर आहेत आणि सोलापूरही आहे. किती जणांना हे माहीत आहे, हे कुणी नवी पेठेत उभं राहून विचारून बघावं.

आणि आपल्याकडं मोहिनी काय कमी आहे? संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचा गड्डा, म्हणजे यात्रा, भरतो, सातही नंदीध्वज पांढऱ्याशुभ्र पोशाखातल्या मानकऱ्यांच्या खांद्यावरून निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, होम मैदानावर रात्री शोभेचं दारूकाम होतं. तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारं अख्खं गाव एका रस्त्यावर असतं. त्याच दिवसांत हुरडा येतो. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळायची, सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. माझ्या मते डिसेंबर-जानेवारीतल्या सोलापूरइतकं देखणं गाव मराठवाड्याच्या आणि कर्नाटकाच्या या पट्ट्यात दुसरं नाही.

हेच महिने आपल्या धुराचेही आहेत. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा. ऊस तुटला की रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, राहतं, हेक्टरी आठ ते दहा टन. ते बहुतेक ठिकाणी पेटवलं जातं. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये भुसा जळतो, आणि राख पकडायची यंत्रणा नीट चालली नाही तर आसपासच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर, पत्र्यावर, पाण्याच्या टाकीवर काळी काजळी येऊन पडते. बोटानं पुसली की शाई लागल्यासारखा डाग ओढला जातो. कारखान्याजवळच्या वस्तीतल्या कुठल्याही बाईला विचारा, हंगामात धुणं दुपारी घालायचं की सकाळी याचा तिचा हिशेब पक्का असतो. शहराच्या दक्षिणेला फताटेवाडी-आहेरवाडीत कोळशावर चालणारं १३२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. मुंबई-हैदराबाद महामार्गाची जड वाहतूक गावाच्या अंगावरून जाते. पहाटे रस्ते कोरडेच झाडले जातात आणि पाल्यापाचोळ्याचे ढीग कडेला पेटवले जातात, नेमकं त्या वेळी जेव्हा थंडीमुळं हवा जमिनीला चिकटून बसलेली असते आणि पोरं शाळेला निघालेली असतात. तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा डेपोला उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी तर पेपरात येतातच.

सोलापूर म्हणजे चियांग माई नव्हे. आपण उघड्या पठारावर आहोत, डोंगरांची वाटी आपल्याभोवती नाही. दहा-अकरा वाजता ऊन तापलं की हवा वर उठते, वारा सुटतो, धूर पांगतो. आपल्या हवेची तीव्रता त्यांच्या मार्चइतकी नसते. पण याच कारणानं आपल्याला तो धूर दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीसाठी कोणी कोर्टात जात नाही.

वार्षिक सरासरी आपल्याला आणखी आंधळं करते. समजा एखाद्या गावात नऊ महिने पीएम २.५ चं, म्हणजे फुफ्फुसात खोल जाणाऱ्या अतिबारीक कणांचं, प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम राहिलं आणि तीन महिने ९०. वर्षाची सरासरी येते ३३.७५. भारताची वार्षिक मर्यादा ४० आहे, म्हणजे ते गाव कागदावर पास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये घालून दिलेली वार्षिक मर्यादा आहे ५. पण ती बाजूला ठेवली तरी, त्या तीन महिन्यांत जन्मलेल्या बाळानं पहिले नव्वद दिवस जी हवा घेतली, तिची भरपाई जुलैच्या स्वच्छ हवेनं होत नाही. दम्याचा झटका सरासरीत येत नाही, जानेवारीतल्या एका विशिष्ट पहाटे येतो. तरी आपल्या स्वच्छ हवा कार्यक्रमात शहराची प्रगती मोजतात ती मुख्यतः पीएम १० च्या, म्हणजे त्याहून जाड धूलिकणांच्या, वार्षिक सरासरीवर. म्हणून देशभर पैसाही सर्वाधिक रस्त्यावरच्या धुळीवर गेला: झाडायची यंत्रं, पाण्याचे फवारे. ज्या सोलापुरात नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी आलं, तिथं रस्त्यावर पाणी मारून हवा सुधारायची हा उपाय कोणाला सुचत असेल तर त्यानं आधी एखाद्या चाळीत घागर घेऊन रांगेत उभं राहावं.

आपण कशावरून भांडतो, तेही बघण्यासारखं आहे. कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून किती वर्षं वाद झाला! मोर्चे, उपोषणं, कोर्टकचेऱ्या. एका बाजूला विमानसेवा मागणारे व्यापारी आणि तरुण, दुसऱ्या बाजूला कारखान्यावर पोट असलेले सभासद शेतकरी आणि कामगार. दोघांचंही म्हणणं खरं होतं, दोघंही पोटतिडकीनं बोलत होते. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली, पुढं जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. इतक्या वर्षांत चिमणीच्या उंचीवर अख्ख्या शहरानं मत दिलं. कुठल्याही चिमणीतून बाहेर काय पडतं, ते कुणाच्या अंगणात पडतं, यावर इतकं पोटतिडकीनं आपण एकदाही बोललो नाही. आता विमान आलंय, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूरला जाणारे पाहुणे सोलापुरात उतरावेत असं आपल्याला वाटतं आणि ते वाटणं रास्तच आहे. पण म्हणूनच मला घाई आहे. पाहुण्यांवर पैसा यायला लागला की धुराबद्दल गप्प बसायला आणखी एक कारण मिळेल. चियांग माईत ते मिळालं.

पाचट जाळणाऱ्या शेतकऱ्याला शिव्या देणं सगळ्यांत सोपं. मोहोळ तालुक्यात ओळखीच्या एकांच्या रानात संध्याकाळी गेलो होतो. बांधावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, बाहेर चूल पेटलेली, दोन लेकरं वाढ्यांच्या पेंढीवर बसून भाकरी खात होती. पलीकडच्या सऱ्यांना मालकानं नुकताच जाळ लावला होता. आधी कडकड आवाज, मग पिवळा धूर सरळ न जाता आडवा लोळत कोप्यांकडं आला. लेकरांनी डोळे चोळले आणि जागा बदलून पुन्हा खायला बसली. मी मालकाला म्हटलं, ‘‘दादा, कुट्टी करून टाकली असती तर खोडव्याला खत झालं असतं की.’’ ते म्हणाले, ‘‘कळतंय की ओ साहेब. कुट्टीच्या मशीनला ट्रॅक्टर पाहिजे, ट्रॅक्टरला डिझेल. एकरी खर्च कोण देतंय? पाचटात पाणी पुढं सरकंना, उंदीर होतेत, सापाची भ्या. बिल तर अजून मिळालं नाही.’’ या बोलण्यातला एकही मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. पाचट ठेवलं तर ओल टिकते, जमिनीतला कर्ब वाढतो, पाण्याच्या पाळ्या वाचतात, हे कृषी विद्यापीठं सांगून थकली आणि अनेक शेतकरी तसं करूनही दाखवतायत. पण तो फायदा दोन-तीन हंगामांनी हातात येतो आणि डिझेलचे पैसे आज लागतात.

त्या कोप्यांतली माणसं माझ्या मते या सगळ्या प्रश्नाच्या मध्यावर आहेत. चियांग माईला पाहुणा चांगल्या महिन्यांत येतो आणि धूर आला की जातो. आपल्याकडं बीडकडून येणारा ऊसतोड कामगार नेमका धुराच्याच महिन्यांत येतो आणि हवा स्वच्छ झाली की परत जातो. त्याच्या वाट्याला सोलापूरचा जून, जुलै कधी येत नाही. वार्षिक सरासरीत तो कुठंच नाही, कारण वर्षभर तो इथं नाहीच. शहरातही असेच लोक आहेत. पूर्व भागात दहा बाय दहाच्या खोलीत विड्या वळणारी बाई घरात तंबाखूची धूळ घेते आणि दार उघडलं की रस्त्याची. यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाचा तूस नाकात जातो, बाहेर येऊन मोकळा श्वास घ्यावा तर मोकळी हवा पहाटेची, पाचोळा जळत असलेली. जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीच्या रे नगरमध्ये हजारो असंघटित कामगारांना पक्की घरं मिळाली, ती मोठीच गोष्ट आहे. आता त्या घरांच्या खिडकीतून आत काय येतं, याचीही जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी.

नुसत्या बंदीनं हे सुटणार नाही. चियांग माईच्या अनुभवातून घेण्यासारखं हेच आहे. तिथं कोरड्या हंगामात साठ दिवसांच्या आसपास जाळायला पूर्ण बंदी घालून बघितली. परिणाम असा झाला, की लोकांनी बंदीच्या आधी घाईघाईनं एकदम पेटवलं किंवा बंदी उठल्या-उठल्या पेटवलं. वर दोष डोंगरातल्या करेनसारख्या जमातींच्या माथी मारला गेला, ज्यांची आलटून-पालटून करायची छोटी फिरती शेती आणि मैलोन्‌मैल पसरलेला व्यापारी मका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मका घेणाऱ्या मोठ्या खरेदीदारापर्यंत बोट फार उशिरा पोचलं. आपल्याकडंही जाळणाऱ्याला दंड करायचा आदेश काढणं सोपं आहे, तलाठ्यानं पंचनामे करायचे आणि संध्याकाळी सातनंतर पेटवायचं, असंच होणार.

आपली बाजू मात्र चियांग माईपेक्षा भक्कम आहे, आणि म्हणून मी आशेनं लिहितोय. त्यांचा धूर तीन देशांतून येतो. आपला धूर आपल्याच जिल्ह्यातून, आपल्याच कारखान्यांच्या कार्यक्षेत्रातून येतो. कुठल्या गटातला ऊस कुठल्या तारखेला तुटणार, याची नोंद कारखान्याकडं असते. ऊस लावल्याची तारीख, जात, क्षेत्र, मालकाचं नाव, सगळं शेती खात्याच्या वहीत आहे. तोड गेल्यावर आठ दिवसांत तिथं कुट्टी यंत्र पाठवणं किंवा पाचटाच्या गाठी बांधून उचलणं, हे ज्याच्याकडं वाहतुकीची एवढी यंत्रणा आहे त्या कारखान्याला अशक्य नाही. गाठी बॉयलरमध्ये घालता येतात. धूर गाळणारी यंत्रणा असलेल्या बॉयलरमध्ये जळलेलं पाचट आणि उघड्या रानात जळलेलं पाचट यांत खूप अंतर आहे, अर्थात ती यंत्रणा खरोखर चालू असेल तर. काही कारखाने पाचट विकत घेतातही. शेतातला उभा ऊस जळाला तर कारखाना जळीत म्हणून कपात लावतो. मग ज्यानं पाचट जाळलं नाही त्याला टनामागे चार पैसे जादा का देऊ नयेत?

हे खर्चाचं काम आहे आणि तो खर्च एकट्या शेतकऱ्यानं करू नये. साखर, इथेनॉल आणि सहवीज यांतून होणाऱ्या मिळकतीतून तो निघावा आणि राज्यानं त्यात हातभार लावावा. गाळप हंगामाआधी साखर आयुक्तालय प्रत्येक कारखान्याला गाळप परवाना देतं आणि त्याला अटी असतात. उसाच्या बिलांची थकबाकी परवान्याशी जोडता येते, तर कार्यक्षेत्रातल्या पाचटाची व्यवस्थाही जोडता येईल. उपग्रहावरून रोजच्या बऱ्याच आगी दिसतात, कुठल्या भागात जाळ लागला ते फारसं लपत नाही. महापालिकेनं तिच्या बाजूनं दोन गोष्टी कराव्यात. पाचोळा पेटवणं बंद करून तो खतात घालावा. आणि हवेचे आकडे वर्षाच्या सरासरीत न दडवता महिन्यामहिन्याला, डिसेंबरचा वेगळा, जानेवारीचा वेगळा, मराठी, कन्नड आणि तेलुगूत एसटी स्टँडवर आणि सिद्धेश्वर मंदिराच्या वाटेवर लावावेत. आकडा वाईट असला तरी लावावा. गड्ड्याला येणारा माणूस त्यामुळं यायचा थांबणार नाही, तो नंदीध्वजासाठी येतो. फार तर म्हाताऱ्या आईला पहाटेऐवजी दुपारी घेऊन येईल.

हंगाम सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरच्या सुमारास, सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. उसाचा दर, थकबाकी, विस्तारीकरण यांवर तिथं गोंधळ होतो आणि व्हायलाच हवा. यंदा जे सभासद माईकपाशी उभे राहतील त्यांनी एक प्रश्न जादा विचारावा: आपल्या कार्यक्षेत्रातलं पाचट यंदा कोण उचलणार, तोड झाल्यावर किती दिवसांत उचलणार, आणि टनाला दर काय देणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावं, आणि मार्चमध्ये ते इतिवृत्त हातात घेऊन रानं बघायला जावं.